सव्वाआठला थोरलीला आणायला कोण जाणार?

७ फेब्रुवारीला रमाई जयंती होती. सातपूर भागातल्या एका विहारात मी बोलत होतो. विषय नेहमीचाच, 'त्यागमूर्ती रमाई'. गोवऱ्या थापणारी रमाई, उपाशी राहणारी रमाई, चार लेकरं गमावूनही बाबासाहेबांच्या अभ्यासात व्यत्यय येऊ न देणारी रमाई. भाषण रंगात आलं होतं, पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या. तेवढ्यात दाराजवळ बसलेली एक ताई उठली. धाकटीचा हात धरून ती मुकाट्याने बाहेर गेली. घड्याळात आठ वाजले होते.

खीर वाटप सुरू झालं तेव्हा ती परत आली. आता सोबत दोन मुली होत्या. थोरली नववीत, धाकटी सातवीत. थोरलीच्या पाठीवर दप्तर. मला बाजूला घेऊन ताई म्हणाली, "भाऊ, रमाईचं खरंय. पण एक विचारते. मार्चपासून हिचा क्लास बंद करू का?"

मी विचारलं, का?

तिने हिशेब मांडला. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे फी वाढणार. फी भरायची तर एका मेसमध्ये संध्याकाळी सात ते नऊ पोळ्या लाटायचं काम मिळतंय. पण क्लास सव्वाआठला सुटतो. बारा मिनिटांचा रस्ता, त्यात अर्ध्या रस्त्यावर दिवे बंद, कोपऱ्यावर पानटपरी, पोरांचा घोळका. आजवर तीच आणायला जायची. काम धरलं तर मुलीला आणायला कोणी नाही. काम सोडलं तर फीला पैसे नाहीत. "दोन्हीकडून क्लास बंदच होतो ना भाऊ? मग आत्ताच केला तर निदान एका महिन्याची फी वाचेल."

मी विचारलं, "यांचे बाबा?"

तिने विहाराच्या आत पाहिलं. तिचा नवरा तिथे माईकची वायर गुंडाळत होता. अंबडच्या कंपनीत कंत्राटी कामगार, त्या आठवड्यात पहिली पाळी. म्हणजे चार वाजता घरी. दारू नाही, सिगारेट नाही, प्रत्येक जयंतीला पुढे. चांगला कार्यकर्ता. ताई म्हणाली, "त्यांचं चळवळीचं काम असतं."

"कोणी नाही" असं ती म्हणाली, तेव्हा तिने त्याला मोजलंच नव्हतं. मलाही मोजलं नव्हतं. विहाराबाहेर आम्हा कार्यकर्त्यांच्या वीस-पंचवीस गाड्या उभ्या होत्या. त्यातलं कोणी तिच्या हिशेबात नव्हतं. आम्ही रमाईच्या कष्टांवर बोलत होतो आणि आमच्याच सभेतून उठून एक बाई तेच कष्ट करायला एकटी अंधारात गेली होती. आम्ही भाषण थांबवलं नाही. माझ्या लक्षातही आलं नाही.

या ताईचा दिवस मी नंतर नीट विचारून घेतला. पाण्यासाठी पहाटे पावणेपाचला उठणं. दोन डबे मुलींचे, एक नवऱ्याचा. आठ ते एक गंगापूर रोडच्या तीन घरांत स्वयंपाक. दुपारी रेशन, नाहीतर शाळेतली पालकसभा. धाकटीला नुकतीच पाळी सुरू झाली, शाळेचं संडास वापरता येत नाही म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही. हे फक्त आईला माहीत. थोरली हल्ली गप्प असते. का, हे शोधायचं कामही आईचंच.

त्यात जातीच्या दाखल्याच्या चकरा. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तोही वडिलांकडचा. आजोबांचा शाळेचा उतारा, गावचं जुनं रेकॉर्ड. म्हणजे कागद बापाच्या वंशाचे आणि चकरा आईच्या. सासरच्या गावच्या शाळेत जाऊन आजेसासऱ्याचं नाव रजिस्टरमध्ये शोधत बसलेली बाई ज्याने पाहिली नसेल, त्याने आरक्षणावर भाषण करण्यापूर्वी एकदा पाहावी. आपल्या पोरींची शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागेवरचा प्रवेश, सगळं त्या बाईच्या मोडलेल्या खाड्यांवर उभं आहे.

२०१९ साली केंद्र सरकारने लोकांचा दिवस कशात जातो याचं देशभर सर्वेक्षण केलं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांत बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. आणि मुळात दिवसभरात असं काही काम केलं अशा बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. आकडे सगळ्या समाजाचे आहेत. पण आपलं घर याला अपवाद आहे, असं कोणाला वाटत असेल तर त्याने आज रात्री घरी जाऊन भांडी कोण घासतं ते पाहावं.

इथे काही मित्र म्हणतील, हा घरगुती प्रश्न आहे, चळवळीचा नाही. आधी जातीचं बघू, मग बाईचं.

बाबासाहेबांनी असं म्हटलेलं नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. त्यांचं म्हणणं असं होतं की आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही त्यातून सुटका नाही. म्हणजे आईपण हा एका बाईचा खासगी मामला नाही, त्याचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा आहे. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १९२६ मध्ये, रमाई आणि बाबासाहेबांचा राजरत्न गेला होता. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. या चार लेकरांचे मृत्यू आपण 'त्याग' म्हणून सांगतो. ते त्याग नव्हते. गरिबीने आणि जातीने केलेली ती हानी होती. ज्या गोष्टीची चीड यायला हवी तिची आपण आरती केली, की पुढच्या बाईनेही तेच सोसावं अशी अपेक्षा आपोआप तयार होते.

यात रमाईचा अपमान नाही. तिचा मान कसा ठेवायचा हे नाशिकने आधीच दाखवलंय. १९१९ साली खडकाळीत जन्मलेल्या शांताबाई दाणी शिकल्या, त्याच्या मागे आई कुंदाबाईंचा हट्ट होता. घरात पैसा नव्हता, समाजात मुलीला शिकवण्याची रीत नव्हती, तरी ती माऊली मागे हटली नाही. पुढे शांताबाई फेडरेशनच्या पुढारी झाल्या, १९६८ ते १९७४ विधान परिषदेवर होत्या. पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच वाटतं. त्यांनी नाशिकमध्ये रमाबाईंच्या नावाने मुलींचं वसतिगृह उभं केलं. आपल्या आईने एकटीने जे केलं ते प्रत्येक आईला एकटीने करावं लागू नये, एवढी साधी गोष्ट त्यात होती. रमाईच्या नावाने आपण भाषणं करतो, शांताबाईंनी मुलींसाठी छप्पर उभं केलं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. "आपल्या पोरींकडे कोणी वाकडं बघितलं तर आम्ही आहोत ना!" असं तरुण छाती ठोकून सांगतात. खैरलांजी आपण विसरलेलो नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखाताई भोतमांगे आणि त्यांच्या शिकणाऱ्या लेकीचं, दोन मुलांसकट काय झालं, हे या वस्तीतल्या प्रत्येक आईच्या काळजात आहे. ती भीती खरी आहे. पण त्या भीतीला आपलं उत्तर काय? मुलगी सातच्या आत घरात, मोबाईल भावाच्या ताब्यात, अभ्यासिकेत पोरं बसतात म्हणून मुलींनी यायचं नाही. म्हणजे गुन्ह्याची भीती दुसऱ्याकडून आणि बंदी आपल्याकडून. मनुस्मृती बाईला बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या ताब्यात ठेवते. आपण २५ डिसेंबरला तिचं दहन साजरं करतो आणि २६ तारखेला पोरीचा क्लास बंद करतो. मुलींना राखणदार नकोत. त्यांना उजेड असलेला रस्ता हवा आणि सोबत हवी.

आणि तिसरी गोष्ट, जी विहारातच ऐकली. त्याच रात्री एका आजींनी ताईला विचारलं, "दोन्ही मुलीच का गं? एक चान्स घ्यायचा होता." पंचशील म्हणून झाल्यावर हा प्रश्न! मल्लिका राणीला मुलगी झाली म्हणून राजा प्रसेनजित खट्टू झाला, तेव्हा तथागतांनी त्याला सांगितलं की मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते. अडीच हजार वर्षं झाली. आपण वंदना पाठ केली, एवढंच.

मग करायचं काय? मोठ्या योजना मी सांगत नाही. त्या ताईने विचारलेल्या प्रश्नापुरतंच सांगतो, कारण आमच्याकडे तेवढंच करून पाहिलंय.

त्या क्लासला आपल्या वस्तीतल्या आणखी तीन मुली जातात, हे आम्हाला त्या रात्री कळलं. चार मुलींनी एकत्र यायचं ठरलं आणि चार घरांच्या पाळ्या लावल्या. पाळी घराची, बाईची नाही. म्हणजे बापाची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात बापाने जायचं. बंद दिव्यांची तक्रार शाखेच्या लेटरहेडवर महापालिकेत दिली. विहाराची अभ्यासिका संध्याकाळी सहा ते आठ फक्त मुलींसाठी ठेवली. ती उघडायला-बंद करायला एक शिक्षिका ताई तयार झाल्या. यावर पोरांनी कुरकुर केली. करू द्या.

सगळं गोड झालं नाही. चार बापांपैकी दोघेच नियमित जातात. तिसऱ्याच्या पाळीला अजूनही बायकोच जाते, चौथा म्हणतो की लोक हसतात. दिवे अजून लागलेले नाहीत, दुसरी तक्रार द्यायची आहे. पण थोरलीचा क्लास चालू आहे. ताईने मेसचं काम धरलं. तिचा नवरा पहिल्या पाळीच्या आठवड्यात सव्वाआठला क्लासच्या दाराशी उभा असतो. परवा तो मला म्हणाला, "भाऊ, पोरगी रस्त्याने किती बोलते! मला माहीतच नव्हतं." पंधरा वर्षांच्या लेकीबद्दल बापाला हे आत्ता कळलं. हे नुकसान त्याचंही होतंच की.

१९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की लग्नानंतर नवऱ्याची दासी होऊ नका, मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा. ते बायकांना सांगून झालं. ऐकायचं राहिलंय ते पुरुषांनी.

१४ एप्रिलच्या तयारीच्या बैठका आता सुरू होतील. वर्गणी, मिरवणूक, वक्ता कोण, पुतळ्याला हार किती फुटांचा, सगळं ठरेल. त्या बैठकीत एक प्रश्न मी प्रत्येक शाखेत विचारणार आहे, तुम्हीही विचारा. बैठक रात्री आठला ठेवली आहे. या वेळी आपल्या वस्तीतल्या किती मुली क्लासवरून घरी येतात, आणि त्यांना आणायला कोण गेलंय?

जयभीम!