वेहेरगावच्या पायऱ्या

भाताची कापणी निम्मी उरकली आहे आणि निम्मी अजून रानात उभी आहे, इंद्रायणीच्या पाण्याचा पावसाळी गढूळपणा नुकता कोठे निवळू लागला आहे, आणि आंदर, नाणे व पवन या तिन्ही मावळांतून ओल्या पेंढ्याचा वास संध्याकाळी थेट रेल्वेच्या रुळांपर्यंत येऊन पोहोचतो आहे, अशा सुमारास दिवाळी अंकाच्या संपादकीयासाठी दौत उघडून बसावयाचे, हा आमचा गेल्या कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी वहिवाट पाडली, तिचे आम्ही अगदी टोकाकडचे कूळ, खंड वेळेवर भरतो, एवढेच आमचे भूषण. यंदा मात्र खंड थकला, आणि त्याला कारण झाला एक लेख, जो या अंकात असावयास हवा होता आणि नाही.

ज्येष्ठ महिन्यात टपालाने तो आमच्याकडे आला. लेखक पवन मावळातल्या एका गावचा, पुण्यास वसतिगृहात राहून पदार्थविज्ञान शिकणारा, शनिवारच्या लोकलने घरी येऊन सोमवारी पहाटे परतणारा विद्यार्थी. लेखाचे शीर्षक ‘मी देव का मानीत नाही’. अक्षर मोत्यासारखे, तर्क निर्दोष, आणि वीस पृष्ठांत एकही खाडाखोड नाही. खंडेनवमीस प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकांना झेंडूची माळ घालणारे अध्यापक, परीक्षेच्या सकाळी प्रवेशपत्राला हळदकुंकू लावून मारुतीच्या पायाशी ठेवणारे विद्यार्थी, एकादशीस खानावळीत साबुदाण्याच्या खिचडीसाठी रांग लावणारे आणि एरवी मार्क्सवर बोलणारे मित्र, या सर्वांची त्याने अशी काही हजेरी घेतली होती की वाचताना आम्ही दोनदा मोठ्याने हसलो. तथापि वाचून झाल्यावर एक गोष्ट बोचत राहिली. ‘लोक’ हा शब्द पानोपानी येत होता, आणि लोकांपैकी एकालाही लेखकाने काही विचारल्याचे कोठे दिसत नव्हते.

त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही, कारण त्या वयात आम्हीही हेच करीत होतो. आमच्या वसतिगृहात श्रावणात सत्यनारायण होई आणि प्रत्येकाकडून आठ आणे वर्गणी घेतली जाई. दुसऱ्या वर्षी आम्ही रीतसर अर्ज केला, की अर्जदाराचा सदर पूजेस तत्त्वतः विरोध असल्याने त्याच्याकडून वर्गणीची वसुली करण्यात येऊ नये. रेक्टरांनी त्यावर तांबड्या शाईने शेरा मारला : ‘वर्गणी माफ. प्रसाद ऐच्छिक.’ तत्त्वाचा हा विजय साजरा करून आम्ही खोलीत आलो खरे, पण साजूक तुपातल्या शिऱ्याचा वास जिन्यावरून वर येऊ लागला, तेव्हा मागल्या दाराने आचाऱ्याकडे जाऊन द्रोण भरून आणणारा अर्जदारच होता, हे आज इतक्या वर्षांनी कबूल करावयास हरकत नाही.

आमच्या खोलीच्या भिंतीवर आगरकरांचे चित्र होते. डेक्कन कॉलेजात दारिद्र्यात शिकलेल्या, मिल आणि स्पेन्सर पचवलेल्या, सुखाच्या पगाराची वाट सोडून देण्याचा बेत आईला पत्राने कळवणाऱ्या त्या तरुणास आम्ही आपला वडील बंधू समजत होतो. १८८८ साली ‘सुधारक’ काढल्यावर विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, आणि दम्याने पोखरलेला तो पुरुष १८९५ मध्ये, फर्ग्युसनचा प्राचार्य असतानाच, वयाची चाळिशीही न गाठता गेला. आमच्या नास्तिक्याचा एकूण खर्च शून्य रुपये, शून्य आणे. उलट आठ आणे वाचलेच होते. हा जमाखर्च मांडण्याची बुद्धी मात्र तेव्हा झाली नाही.

पुढच्या चैत्रात आईचा नवस फेडावयाचा होता. आमच्याच टायफॉइडचा नवस, म्हणून आम्हांस जाणे भाग पडले. मळवलीस उतरून, वेहेरगावापर्यंत धूळ तुडवीत, पुढे कोळी आणि आगरी मंडळींच्या पालख्यांच्या गर्दीतून, ओटीची पिशवी आणि नारळ सांभाळीत आम्ही कार्ल्याच्या पायऱ्या चढलो. वर पोहोचल्यावर आईला एकवीरेच्या रांगेत उभी केली आणि देवळात पाऊल न टाकता, मोठ्या मानभावीपणाने, शेजारच्या चैत्यगृहात जाऊन बसलो. देव न मानणाऱ्या बुद्धाचे ते घर आमच्या पक्षाचे आहे, अशी आमची पक्की समजूत होती.

ते घर मात्र कोणाच्याच पक्षाचे निघाले नाही. सव्वाशे फुटांच्या आसपास लांबीचा तो दगडी मंडप, वर छताला कमानदार लाकडी फासळ्या, त्याही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, आणि पिंपळपानी गवाक्षातून स्तूपावर पडलेला उजेड पाहून काही वेळ आमची वाचाच बसली. मग पहारेकऱ्याने खांबांवरची ब्राह्मी अक्षरे दाखविली, आणि पुढे पुस्तकांतून त्यांचा उलगडा होत गेला तसतशी आमची समजूत ढासळत गेली. कोणी धेनुकाकटचा यवन, कोणी तेथलाच सुतार, कोणी अत्तरे विकणारा गंधिक, कोणी वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल. एकाने खांब दिला, एकाने दार घडवले, आणि प्रत्येकाने आपले नाव दगडात रुजू करून ठेवले. बाहेर सिंहस्तंभ उभा आहे, तोही एका महारठीचे दान. म्हणजे आमच्या बुद्धिवादाचे हे मंदिरसुद्धा श्रद्धेच्या वर्गणीतूनच उभे राहिले होते, आणि त्या वर्गणीची पावती दोन हजार वर्षांनंतरही वाचता येत होती.

आई दर्शन आटोपून आत आली. पदराखाली उरलेले हळदकुंकू होते. तिने स्तूपापुढे वाकून नमस्कार केला, तेव्हा आम्ही पांडित्याने म्हणालो, “आई, हा देव नाही, स्तूप आहे.” ती म्हणाली, “असू दे रे. एवढं कोणी उगाच कोरतं होय?” आणि आमच्याच कपाळाला बोट टेकवून मोकळी झाली.

ज्या डोंगराकडे आम्ही असे फुरंगटून पाहत होतो, तो डोंगर त्याच काळात एक कट्टर निरीश्वरवादी पायाखाली घालीत होता, हे आम्हांस फार उशिरा कळले. दामोदर धर्मानंद कोसंबी हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित करणारे आणि डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई येजा करणारे विद्वान. वडील धर्मानंद बुद्धाच्या शोधात गोव्याहून निघून नेपाळ आणि सिंहलद्वीपापर्यंत भटकलेले, पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवणारे. पुत्राचा ना देवावर विश्वास ना पोथीवर. पण म्हणूनच की काय, शेंदूर फासलेला तांदळा दिसला की हा गृहस्थ तेथे थांबे. ही देवी कोणाची, जत्रा केव्हा भरते, धनगर मेंढरे घेऊन कोणत्या वाटेने जातात, हे तो गावकऱ्यांना विचारी, आणि त्याच वाटांवर अश्मयुगातील गारगोटीची बारीक हत्यारे वेचून काढी. देवींची ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्यांवर आहेत, घाट चढून येणारे व्यापारी तांडे आणि भिक्षूही त्याच वाटांनी आले, म्हणून लेण्यांचा आणि देवींचा शेजार हा योगायोग नव्हे, ही त्यांची उपपत्ती १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त विस्ताराने आली आहे. ती सर्वांशी पटो न पटो, श्रद्धाळूंनी शेकडो वर्षांत जे विचारले नाही ते या अश्रद्धाने विचारले. देवळापुढे बाहेर बसून राहण्यात ज्यांना पुरुषार्थ वाटला, त्या आमच्यासारख्यांनी तर ते मुळीच विचारले नव्हते.

लोणावळ्यातही असा एक दाखला आहे, जरा उलट्या दिशेचा. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, हे अमळनेरहून येऊन १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापन करते झाले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. माणूस श्रद्धावान, गुरूची दीक्षा घेतलेला. पण ‘पोथीत लिहिले आहे’ एवढी साक्ष त्यांना पुरेशी वाटली नाही. नौली करणाऱ्या साधकाच्या पोटात दाब खरोखर किती घटतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासले, आकडे छापले, आणि त्या निर्वाताला गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. भक्ती आणि दाबमापक एकाच खोलीत नांदल्याचे इतके स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही. देहूरोडचे विहार तर आमच्या वेशीलगतच आहे. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. येवल्यास १९३५ साली जन्मधर्म सोडण्याची घोषणा केल्यापासून १९५६ च्या दीक्षेपर्यंत त्यांनी एकवीस वर्षे धर्मांची छाननी केली होती. आणि भंडाऱ्यावर एकांत शोधणाऱ्या तुकोबांनी नवसाच्या देवांवर आणि वेषधारी साधूंवर जे कोरडे ओढले, ते वाचल्यावर आमच्या लेखकाची वीस पृष्ठे शांत प्रकृतीची वाटू लागतात.

तेव्हा आम्ही लेख परत पाठविला आणि सोबत दोन ओळी लिहिल्या : वेहेरगावच्या पायऱ्या चढाव्या, वर किमान तीन माणसांशी बोलावे, मग पुन्हा पाठवावा. मुलगा रागावला. आषाढातल्या धो धो पावसात छत्री उलटी झालेल्या अवस्थेत कचेरीत येऊन त्याने आम्हांस तोंडावर प्रतिगामी म्हटले, चहा घेतला आणि गेला. नवरात्राच्या सातव्या माळेनंतर मात्र पुन्हा आला, तो वेगळाच. मुंबईकडून बसने आलेल्या एका कोळी मंडळाबरोबर त्याने सबंध दिवस काढला होता. नवसाने काय मिळते, देवी पावते याला पुरावा काय, हे त्याचे ठेवणीतले प्रश्न तेथील एका म्हातारीने हसण्यावारी नेले. पण मंडळाच्या खर्चाची वही मागितली तेव्हा ती बिनदिक्कत हाती दिली. बसचे भाडे, तांदूळ, कोंबडे, गुलाल, बँडवाल्यांचा इसार, अशा रकमा खाली उतरत गेल्या होत्या आणि शेवटी एक बाब होती : ‘मागल्या वर्षी वारलेल्या तिघींच्या नावाच्या ओट्या, तीन.’ दरवर्षी बसमध्ये असणाऱ्या तीन बायका यंदा नव्हत्या, म्हणून त्यांचे खण-नारळ इतरांनी वर आणले होते, एवढेच. “हे माझ्या लेखात कुठं बसतं, ते मला कळेना,” तो म्हणाला. देव आहे असे त्याला अजूनही वाटत नाही, हेही त्याने बजावले, आणि आम्ही ते मान्य केले.

वीसपैकी चौदा पृष्ठे त्याने आमच्यासमोर काढून टाकली आणि पंधरा दिवसांची मुदत मागितली. आम्ही त्याच्यासाठी आठ पाने राखून ठेवली. मुदत संपली, छापखान्याचा तगादा दिवसाआड येऊ लागला, आणि त्याचे कार्ड आले ते असे, की मंडळाने त्याला त्यांच्या गावी बोलावले आहे, त्या तिघींच्या घरी जाऊन आल्याखेरीज पुढचे लिहिता येत नाही, क्षमस्व. राखून ठेवलेल्या पानांपैकी सहा आम्ही कथेस दिली. उरलेल्या दोहोंवर, व्यवस्थापकांच्या आग्रहास्तव, कामशेतच्या भात गिरणीची जाहिरात आहे.