तिथीवाचून आलेली माउली

आषाढी एकादशी जवळ आली की घरोघरी देव्हारे उजळतात, तुळशीवृंदावनाला गेरू लागतो, उपवासाचे जिन्नस निवडले जातात. हे सारे उचितच आहे. तथापि या व्रताचे एक अंग देव्हाऱ्यापाशी नसून उंबऱ्यापाशी असते, असे आमचे मत आहे. आणि ते आम्हांस ग्रंथांनी नव्हे, बालपणीच्या एका अपराधाने शिकविले.

आमचे घर बारामतीच्या गावठाणाबाहेर, पाटसच्या रस्त्यालगत होते. धड गाव नाही, धड रान नाही, अशी ती वस्ती. चार-सहा कौलारू घरे, एक विहीर, एक कडुनिंब. मोरोपंतांच्या गावचे म्हणून त्यांच्या आर्या वडिलांपुढे बसून पाठ कराव्या लागत. उंडवडीहून निघालेली तुकोबारायांची पालखी याच रस्त्याने बारामतीच्या मुक्कामास येई आणि एक दिंडी दरवर्षी आमच्या पडवीत उतरे. तिचे कार्ड आधीच आलेले असे. आजी सोवळ्याची कडक. पण त्या दिवशी वारकऱ्यांच्या पायांवर ती स्वतः पाणी घाली.

१९७२ च्या दुष्काळाने विहीर तळाला नेली होती. घरात रेशनच्या तांबड्या मिलोच्या भाकरी होत होत्या. १९७३ ची वारी आली तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. पडवी राखण्याचे काम आजीने आम्हांवर सोपविले. तिन्हीसांजेला दिंडी उतरली. मागाहून एक वृद्ध माउली आली. डोईवर बोचके, गळ्यात तुळशीची माळ, सोबतीस कोणी नाही. "बाळा, टेकायला जागा हाय का?" पडवीचा एक कोपरा रिकामा होता. आम्ही म्हणालो, "जागा नाही." दिंडीबाहेरचे कोणी घेऊ नये, हा नियम आम्हीच मनाने केलेला. "बरं, माउली," एवढेच बोलून ती गेली.

पाने वाढताना आजीला हे कळले. ती रागावली नाही. कंदील घेऊन कडुनिंबाखाली, विहिरीपाशी, शेजारच्या ओट्यांवर पाहून आली आणि स्वतःचे ताट तिने झाकून ठेवले. पुढे इंदापुरास वडिलांचे कीर्तन होते. आम्ही हट्टाने बरोबर गेलो आणि पालखीतळावर प्रत्येक म्हातारीचे मुख न्याहाळत हिंडलो. ती भेटली नाही.

पुढे शास्त्राध्ययनात 'अतिथी' शब्दाची परंपरागत फोड शिकलो. ज्याच्या येण्याला तिथी नाही, तो अतिथी. तैत्तिरीय उपनिषदाने त्याला माता, पिता, आचार्य यांच्या पंक्तीत देवस्थानी बसविले आहे. तेव्हा उमगले, की कार्ड पाठवून ठरल्या दिवशी येणारी दिंडी ही आमची सोयरी होती. अतिथी ती एकटी माउली होती, आणि तिलाच आम्ही परतविले.

आता आम्ही भीमा-नीरेच्या संगमावर, नीरा-नरसिंहपुरी कीर्तनसेवा करतो. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीचे रिंगण, सराटीचे नीरास्नान यांना जमेल तेव्हा जातो. २०२१ साली पायाभरणी झालेल्या पालखी महामार्गाने वाट रुंद केली. पाण्याचे टँकर, शौचालये, औषधोपचार यांची व्यवस्था असते. यास नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ज्यांनी जुन्या वारीतले हाल पाहिले, ते ठेवणारही नाहीत. परंतु व्यवस्था समुदायाची सोय पाहते. एकट्याची विचारपूस घरानेच करावयाची असते. रस्त्यालगत आता बंगले आहेत, त्यांना फाटके आहेत. फाटक असणे हा दोष नव्हे. आमच्या पडवीला फाटक नव्हते, तरी आम्ही दार लावलेच होते.

म्हणून वाचकहो, एक विनंती. घर वारीच्या वाटेवर असेल, तर दिंडी पुढे गेल्यावर लगेच आत वळू नये. पाण्याचा तांब्या घेऊन थोडे उभे राहावे. मागून कोणी एकटे चालत येत असते. घर वाटेवर नसेल, तरी कधीतरी अवेळी कोणी दारी येतोच. कोपरा रिकामा असता "जागा नाही" म्हणू नये. उपवासासोबत एवढे पाळले, तर एकादशी पूर्ण झाली असे आम्ही मानू.