वलीम्यातल्या अर्ध्या बाटल्या

गेल्या महिन्यात जुन्या नाशकात एका वलीम्याला गेलो होतो. जेवणं उरकली तेव्हा टेबलांवर पाण्याच्या छोट्या बाटल्या पडल्या होत्या, बहुतेक अर्ध्या भरलेल्या. वाढणारी पोरं त्या पाण्यासकट कचऱ्याच्या पिशवीत टाकत होती. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नका, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. गोदावरीच्या गावात राहून आपण हे करतो!

बाटलीबंद पाणी वाईटच, असं माझं म्हणणं नाही. लांबच्या प्रवासात मीही ते घेतो. पूर आला किंवा जलवाहिनी फुटली, तर सीलबंद बाटलीच कामी येते. नोव्हेंबर २०२४मध्ये एफएसएसएआयने या पाण्याला जास्त जोखमीच्या खाद्यपदार्थांत टाकलं, त्यामुळे कारखान्यांची तपासणी कडक झाली. हे चांगलंच झालं.

आता तोटे. लिटरला २० रुपये धरले, तर हजार लिटरला २० हजार रुपये होतात. मनपाचं तेवढंच पाणी मोजक्या रुपयांत घरी येतं. २०२४मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना एक लिटर बाटलीबंद पाण्यात सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे सूक्ष्म कण आढळले. शरीरावर त्यांचा परिणाम काय, याचा अभ्यास अजून सुरू आहे.

विकतचं पाणी शुद्धच असतं, हाही भ्रम आहे. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे रुग्ण वाढले. तेव्हा मनपाने खासगी आरओ प्रकल्पांचं पाणी तपासलं आणि अनेक प्रकल्पांना टाळं लावलं. दुकानात, ऑफिसात येणारा सील नसलेला जार कुठे भरला जातो, हे आपण कधी विचारतो का?

पण माझ्या मते सगळ्यात मोठा तोटा वेगळाच आहे. आमच्या कामात बग दुरुस्त न करता स्वतःपुरती पळवाट काढली, तर बग तसाच राहतो. पाण्याचंही तसंच. ज्याला परवडतं तो जार लावतो आणि नळाची तक्रार करणं सोडतो. मग गढूळ पाणी उरतं ते रोजंदारीवर जाणाऱ्याच्या घरात. त्याची तक्रार ऐकतो कोण?

गंगापूर धरणाचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून जलकुंभात आणि तिथून आपल्या नळाला येतं. गटाराशेजारची गळकी पाइपलाइन किंवा वर्षानुवर्षं न धुतलेली टाकी ते वाटेत बिघडवू शकते. म्हणून आधी आपल्या इमारतीची टाकी धुवा. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं. स्वस्तात मिळणाऱ्या किटने ते तपासता येतं. कमी भरलं तर सगळ्या मजल्यांच्या सह्या घेऊन मनपाकडे लेखी तक्रार द्या. तोवर पाणी उकळून प्या.

माझ्या भावाचं लग्न ठरलंय. वलीम्यात माठ आणि स्टीलचे ग्लास ठेवू, असं मी म्हणालो, तर अम्मी म्हणाल्या, "लोक कंजूष म्हणतील." मी त्यांना मोहर्रममधल्या सबीलची आठवण दिली. तिथे ग्लासाने पाणी पिताना कुणी कुणाला कंजूष म्हणत नाही. अम्मी अजून पूर्ण तयार नाहीत. पण ग्लास किती लागतील, हे त्यांनी काल विचारलं.