न दुखणारा डोळा



समजा, जामसांवलीजवळच्या संत्र्याच्या बागेत राबणारा, पन्नाशी उलटलेला एक शेतकरी सकाळी उठतो, तो एका डोळ्यापुढे धुके. डोळा दुखत नाही, लालही नाही. ‘मोतीबिंदू असेल, तोडणी उरकली की सौसरला दाखवू,’ असे म्हणून तो कामाला लागतो. हा विलंबच घातक ठरतो. मोतीबिंदू हळूहळू वाढतो, एका रात्रीत येत नाही. एकाच डोळ्याची दृष्टी एकाएकी मंदावली, तर आतल्या पडद्याची, म्हणजे दृष्टिपटलाची, शीर तुंबलेली असू शकते.

धमन्या दृष्टिपटलाला रक्त पुरवितात, शिरा ते परत नेतात. जेथे धमनी शिरेला ओलांडते, तेथे दोघींवर एकच वेष्टन असते. वयाने व रक्तदाबाने धमनी कठीण झाली की ती शिरेला दाबते आणि रक्त गोठते. पाट पुढे बुजला की पाणी मागे तुंबून बांधाबाहेर पसरते, त्याप्रमाणे रक्त व द्रव पडद्यात पाझरतात.

हा अडथळा पाहण्याची एक रीत अमेरिकेतील नोव्होटनी व अल्व्हिस या दोघा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली. हाताच्या शिरेत फ्लुओरेसिन हा रंग टोचून डोळ्याची छायाचित्रे घ्यावयाची. ती आजही उपयोगात आहे. मात्र काहींना मळमळते, क्वचित गंभीर ॲलर्जीही होते.

पुढे १९९१ साली ओसीटी आली. तिच्यामुळे नुसत्या प्रकाशाने पडद्याचे थर पाहता येऊ लागले. तिच्यातूनच ओसीटी अँजिओग्राफी निघाली. तिला सुई नको, रंग नको. रुग्णाने हनुवटी टेकवून काही क्षण दृष्टी स्थिर ठेवावी. यंत्र एकाच जागेच्या प्रतिमा लागोपाठ घेते. स्थिर भाग सर्व प्रतिमांत सारखा दिसतो. धावत्या रक्तकणांमुळे मात्र फरक पडतो. त्या फरकांवरून रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार होतो. ज्या बारीक वाहिन्यांत रक्त पोहोचत नाही, तेथे काळे डाग दिसतात.

या नकाशालाही मर्यादा आहेत. वाहिनीतून होणारा पाझर त्यात दिसत नाही, कडेचा भाग सुटू शकतो, डोळा हलला तर चित्र बिघडते. म्हणून डॉक्टरांनी रंगाची तपासणी सांगितली, तर भिऊन नकार देऊ नये. पूर्वी कसली ॲलर्जी झाली असल्यास तेवढे आधी सांगावे.

पडद्याची सूज उतरविण्यासाठी डोळ्यात औषध टोचतात. एका खेपेने भागत नाही. दिसू लागले म्हणून पुढच्या खेपा चुकवू नयेत. दुर्लक्ष झाल्यास काहींच्या डोळ्यात नाजूक नव्या वाहिन्या फुटतात, डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.

तेव्हा येत्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचावयास सांगा. एक डोळा अचानक मंद झालेला आढळला, तर तोडणीची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे जा. रक्तदाब आणि साखरही तपासून घ्या. शीर डोळ्यात तुंबली, तरी मूळ बहुधा साऱ्या शरीरात असते.