हाकेचा मक्ता

अमेरिकेतील दूरसंपर्क व्यवहारांचे नियमन करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २०२४ च्या जुलैमध्ये तुरुंगांतून होणाऱ्या दूरध्वनी संभाषणांसाठी कमाल दर ठरवून दिले. मोठ्या स्थानिक तुरुंगातून पंधरा मिनिटे बोलण्यासाठी जेथे ११ डॉलर ३५ सेंटपर्यंत मोजावे लागत होते, तेथे यापुढे ९० सेंटहून अधिक घेता येणार नाही, असा तो हुकूम होता. परंतु त्याचा अंमल पुरता सुरू होण्यापूर्वीच, २०२५ च्या जूनअखेर, आयोगाने अंमलबजावणी लांबणीवर टाकली आणि ऑक्टोबरमध्ये दरांची मर्यादाच वर चढवली. वरवर पाहता हा काही सेंटांचा चढउतार आहे. परंतु त्यामागील प्रश्न सेंटांचा नाही. कैद्याच्या तोंडचा प्रत्येक शब्द ऐकण्याची, टिपण्याची आणि साठविण्याची जी प्रचंड यंत्रणा तेथे उभी राहिली आहे, तिचा खर्च शासनाने सोसायचा की कैद्याच्या आईने, हा खरा वाद आहे.

हा वाद समजून घ्यायचा तर एका जुन्या मराठी शब्दाचा आधार घेता येईल. ‘मक्तेदारी’ हा शब्द आज अर्थशास्त्राच्या पुस्तकात एकाधिकार या अर्थाने वापरला जात असला, तरी त्याच्या मुळाशी ‘मक्ता’ आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती मक्त्याने देण्याची चाल पडली होती. जो अधिक बोली बोले, त्याला मामलत मिळे. आणि बोलीची रक्कम, वर आपला नफा, असे दोन्ही तो रयतेकडून वसूल करी. बोली बोलणाऱ्यांत चुरस जितकी अधिक, तितकी रयत अधिक नागवली जाई. स्पर्धेमुळे भाव उतरतात हा पाठ्यपुस्तकातला सिद्धांत तेथे उलटा फिरे. कारण मक्तेदार निवडणारा एक आणि पैसे देणारा दुसराच, अशी ती रचना होती.

अमेरिकेतील तुरुंगांच्या दूरध्वनी व्यवसायाची रचना तंतोतंत अशीच आहे. १९८४ पूर्वी तेथे एटी अँड टी या एकाच कंपनीची सत्ता होती. त्या वर्षी न्यायालयीन तडजोडीनुसार तिचे विभाजन झाले आणि दूर अंतराच्या दूरध्वनीत स्पर्धा आली. सामान्य ग्राहकाचे दर उतरले. तुरुंगांत मात्र निराळेच घडले. तुरुंगाच्या भिंतीवरील फोन चालविण्याचा करार कोणाला द्यायचा, हे ठरवणारा शेरीफ किंवा तुरुंग खाते. आणि बिल भरणारे कैद्याचे आईबाप, पत्नी, बहीण. तेव्हा कंपन्यांनी ग्राहकाला कमी दर देऊ करण्याऐवजी तुरुंगाला अधिक दस्तुरी देऊ केली. काही करारांत ती उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असे. साहजिकच जी कंपनी कुटुंबांकडून जास्तीत जास्त वसूल करू शके, तीच लिलावात सरस ठरू लागली. पुढे लहान कंपन्या मोठ्यांनी गिळल्या आणि सेक्युरस व ग्लोबल टेललिंक या दोन कंपन्यांच्या हाती बाजाराचा फार मोठा भाग आला. त्यांपैकी दुसरीने २०२२ मध्ये व्हायापाथ असे नवे नाव धारण केले.

हा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत कोणत्याही दिवशी १९ ते २० लाख माणसे गजाआड असतात. स्थानिक तुरुंगांतील बहुसंख्य हे कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे. कैद्यांच्या कुटुंबांविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हू पेज’ या अहवालानुसार, पाहणीतील तीनांपैकी एकाहून अधिक कुटुंबे केवळ फोन आणि भेटींच्या खर्चामुळे कर्जात गेली होती. आणि हा खर्च उचलणाऱ्यांत सुमारे ८७ टक्के स्त्रिया होत्या. गुन्हा कोणाचाही असो, दंड घरातील बाईने भरायचा, असा हा न्याय आहे.

या व्यवस्थेविरुद्धचा कायदेशीर लढा ज्या बाईच्या नावाने ओळखला जातो, ती मार्था राइट वॉशिंग्टनमधील एक निवृत्त परिचारिका होती. तिची दृष्टी गेलेली होती. त्यामुळे तुरुंगातील नातवाशी पत्रव्यवहार करणे तिला शक्य नव्हते. फोन हाच एक धागा उरला होता आणि त्याची किंमत तिला परवडत नव्हती. २००० मध्ये तिने आणि इतर कुटुंबांनी दावा लावला. न्यायालयाने तो आयोगाकडे वळविला; २००३ मध्ये आयोगापुढे अर्ज झाला आणि त्यावर पहिला परिणामकारक निर्णय व्हायला २०१३ साल उजाडले! तेव्हा काही ठिकाणी पंधरा मिनिटांच्या आंतरराज्य संभाषणाला १७ डॉलरांच्या घरात खर्च येत होता. आयोगाने अशा संभाषणांवर मिनिटाला २१ ते २५ सेंटांची मर्यादा घातली. राज्यांतर्गत संभाषणांवरही मर्यादा घालण्याचा प्रयत्न पुढे झाला; परंतु कंपन्या न्यायालयात गेल्या आणि आयोगाला तसा अधिकारच नाही, असा निकाल २०१७ मध्ये लागला. तो अधिकार देणारा कायदा २०२३ च्या जानेवारीत झाला. त्याला मार्था राइट यांचे नाव देण्यात आले. परंतु ते पाहण्यास त्या हयात नव्हत्या. २०१५ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

येथवरची कथा दरांची झाली. परंतु या कंपन्या केवळ दूरध्वनी विकत नाहीत. त्या पाळत विकतात. फोन कुटुंबांना विकला जातो, पाळत तुरुंगाधिकाऱ्यांना. आणि दोन्हींचे पैसे फोनच्या बिलातूनच निघतात. या पाळतीची व्याप्ती किती आहे, हे तीन प्रसंगांतून उघड झाले. २०१५ मध्ये सेक्युरसकडील सुमारे ७ कोटी संभाषणांच्या नोंदी फुटून ‘द इंटरसेप्ट’ या वृत्तसंस्थेच्या हाती लागल्या. त्यांत कैद्यांनी वकिलांशी केलेली किमान १४ हजार संभाषणे आढळली. वकील आणि अशील यांच्यातील बोलणे गोपनीय राहिले पाहिजे, हा तर आंग्ल न्यायपद्धतीचा पाया मानला जातो.

२०१८ मध्ये याहून गंभीर बाब बाहेर आली. देशातील जवळजवळ कोणत्याही मोबाइल फोनचा ठावठिकाणा सांगणारी सेवा हीच कंपनी पोलिसांना पुरवीत होती. मिसुरी राज्यातील एका माजी शेरीफाने न्यायालयाची परवानगी नसताना एका न्यायाधीशाच्या आणि पोलिसांच्या फोनचा माग काढल्याचा आरोप झाला. हा ठावठिकाणा मुळात येत होता तो बड्या मोबाइल कंपन्यांकडून, मध्यस्थांमार्फत. या प्रकरणी आयोगाने २०२४ च्या एप्रिलमध्ये त्या कंपन्यांना एकूण सुमारे २० कोटी डॉलरांचा दंड ठोठावला आणि तो वाद पुन्हा न्यायालयांत गेला. कैद्यांसाठी सिद्ध केलेले शस्त्र न्यायाधीशावर चालल्याचा आरोप व्हावा, याहून बोलके उदाहरण कोणते देता येईल? तिसरा प्रसंग २०१९ चा. कैद्यांच्या आवाजाचे ठसे घेऊन त्यांचे संग्रह अनेक राज्यांत तयार होत असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. आवाजाचा ठसा न देणाऱ्याला फोनच वापरता येणार नाही, अशी अट काही ठिकाणी होती. पलीकडच्या टोकाला बोलणाऱ्या माणसाचा आवाजही या यंत्रणेच्या कक्षेबाहेर राहत नाही. म्हणजे ज्याच्यावर कोणताही आरोप नाही, असा नागरिकही केवळ नात्यामुळे पाळतीखाली येतो. आणि त्या पाळतीची किंमतही तोच भरतो.

२०२४ च्या हुकुमाचे महत्त्व येथे आहे. त्याने दर उतरविले, तुरुंगांना मिळणारी दस्तुरी बंद केली, आणि पाळतीचा बहुतेक खर्च संभाषणाच्या दरात धरता येणार नाही, असे तत्त्व मांडले. फोन करणाऱ्याला या पाळतीचा उपयोग काय, असा तो साधा सवाल होता. कंपन्या आणि शेरीफ यांचा रोष ओढवला तो मुख्यतः यामुळेच. आर्कान्सामधील एका काउंटीच्या शेरीफाने तर २०२५ मध्ये कैद्यांचे फोनच बंद करून टाकले. पुढे ऑक्टोबरच्या निर्णयाने सुरक्षेचा खर्च पुन्हा दरात आला, आणि तुरुंगाच्या खर्चापोटी मिनिटामागे दोन सेंटपर्यंत जादा घेण्याची मुभाही मिळाली. दस्तुरी हे नाव गेले. वसुली मागच्या दाराने परत आली.

तुरुंगातून धमक्या दिल्या जातात, साक्षीदारांवर दबाव आणला जातो, टोळ्या चालविल्या जातात, असा युक्तिवाद अधिकारी करतात. तो खोटा नाही. परंतु त्यातून एवढेच सिद्ध होते की काही संभाषणांवर लक्ष ठेवणे हे शासनाचे काम आहे. तसे असेल तर त्याचा खर्च पोलीस आणि न्यायालये यांच्या खर्चाप्रमाणे सरकारी तिजोरीतून झाला पाहिजे. खर्च तिजोरीतून झाला की विधिमंडळात त्यावर प्रश्न विचारला जातो, काटकसर करावी लागते, आणि कोणावर पाळत ठेवायची व कोणावर नाही, हे ठरवणे भाग पडते. खर्च कैद्याच्या कुटुंबावर ढकलला की या तिन्ही बंधनांतून अधिकारी मोकळे होतात. फुकट मिळणाऱ्या पाळतीला मर्यादा राहत नाही.

या व्यवस्थेला सर्वांत जहाल आव्हान तुरुंगाच्या आतूनच मिळाले. कॅलिफोर्नियातील पेलिकन बे येथे वर्षानुवर्षे एकांतकोठडीत ठेवलेल्या कैद्यांनी २०११ मध्ये उपोषण केले. २०१३ च्या जुलैमध्ये ते राज्यभर पसरले आणि सुरुवातीला सुमारे ३० हजार कैद्यांनी अन्न नाकारले. त्यांच्या पाच मुख्य मागण्यांतील शेवटच्या मागणीत, आठवड्यातून एक फोन करू द्यावा, एवढीच एक बाब होती. आठवड्यातून एकदा घरच्यांचा आवाज ऐकू यावा, हे मागणे ‘जहाल’ ठरते, ही गोष्ट त्या व्यवस्थेविषयी पुरेसे सांगून जाते. १९७१ च्या ॲटिका तुरुंगातील उठावाला ४५ वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २०१६ रोजी, अनेक राज्यांतील कैद्यांनी काम बंद ठेवले. या संपाची जुळवाजुळव बरीचशी चोरून आणलेल्या मोबाइल फोनवरून झाली. अधिकृत फोनवर कंपनीचे कान आहेत, हे कैदी जाणून होते.

तुरुंगाबाहेर या चळवळीचे दोन प्रवाह दिसतात. एक प्रवाह फोन फुकट करा, असे म्हणतो. त्याने कंपन्यांच्या मालकांनाही गाठले. सेक्युरस २०१७ मध्ये विकत घेणाऱ्या गुंतवणूक संस्थेचे प्रमुख टॉम गोर्स यांना २०२० मध्ये लॉस एंजेलिसमधील मोठ्या कलासंग्रहालयाचे विश्वस्तपद सोडावे लागले. न्यूयॉर्क शहराने २०१८ मध्ये केलेल्या कायद्याने स्थानिक तुरुंगांतील फोन मोफत केले. त्यानंतर कनेक्टिकट, कॅलिफोर्निया, मिनेसोटा, कोलोरॅडो आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांनी तसे कायदे केले. आज अनेक मुले वडिलांशी मिनिटे न मोजता बोलू शकतात, हे या प्रवाहाचे मोठे श्रेय आहे.

दुसरा प्रवाह तुरुंगसंस्थाच मोडीत काढू पाहणाऱ्यांचा आहे. अँजेला डेव्हिस यांच्यासारख्या विचारवंतांनी त्याला तात्त्विक बैठक दिली. तुरुंग नाहीसे करण्याचे त्यांचे ध्येय बहुतेकांना पटणार नाही. त्याचा व्यवहार्य आराखडाही अजून कोणी दिलेला नाही. परंतु त्यांनी उपस्थित केलेली एक शंका मात्र टाळता येत नाही. फोन मोफत झाला म्हणजे बिल कुटुंबाऐवजी शासन भरते. कंपनी तीच राहते, ध्वनिमुद्रण तेच राहते, आवाजाचे ठसे तेच राहतात. रयतेची वसुली थांबली तरी मामलत मक्तेदाराच्याच हाती राहिली, असे झाले.

म्हणूनच मोफत फोन हा या लढ्याचा अर्धाच टप्पा मानला पाहिजे. खर्च तिजोरीवर आला की पाळतीचा हिशेब मागण्याचा हक्क लोकप्रतिनिधींना मिळतो. तो हक्क ते बजावतात की नाही, यावर उरलेला अर्धा टप्पा अवलंबून आहे. वकिलाशी होणारे बोलणे कोणत्याही परिस्थितीत मुद्रित होऊ नये, घरच्या माणसाच्या आवाजाचा ठसा त्याच्या संमतीवाचून घेतला जाऊ नये, ठावठिकाणा न्यायालयाच्या आदेशाखेरीज दिला जाऊ नये आणि ध्वनिमुद्रिते ठराविक मुदतीनंतर नष्ट व्हावीत, एवढी किमान बंधने तरी प्रत्येक करारात असली पाहिजेत. जहाल मंडळींना ती तोकडी वाटतील, कंपन्यांना जाचक. परंतु शिक्षा झालेल्याचे स्वातंत्र्य कायद्याने हिरावले जाते, त्याच्या आईचे नाही. तिच्या बोलण्यावर कान ठेवायचा आणि त्या कानाची मजुरीही तिच्याकडूनच घ्यायची, हा व्यवहार कोणत्याही शासनाला शोभणारा नाही.