रान कोणाचे?

अरण्यात शिरताच आपलेपणा वाटतो, असे आपण नगरवासी सांगतो. पण तो आपलेपणा सुट्टीपुरता असतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाचा जिव्हाळा निराळा. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ साली ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. सामाईक संपत्तीची लूट अटळच, हा आम्ही वर्गात शिकवीत आलेला सिद्धांत येथे अपुरा पडतो. कोणाचीच नसलेली वस्तू लुटली जाते. सर्वांची असलेली राखता येते, मात्र नियम करण्याचा अधिकार राखणाऱ्यांच्या हाती हवा. रानाविषयीचे आपले प्रेम खरे असेल, तर रानाकाठच्या इतर गावांच्या हक्कांसाठीही आपण आग्रह धरला पाहिजे.