‘द ऑफिस’चा चौथा सीझन खरंच फसलाय का?

मंडळी, आज जरा वेगळा विषय. पण शेवटी तो मजुरीपाशीच येतो, म्हणून इथे लिहितोय.

गेल्या आठवड्यात जुन्या डीव्हीडींचा खोका उपसला आणि अमेरिकन ‘द ऑफिस’चा चौथा सीझन सलग पाहून काढला. कागद विकणारी कंपनी आणि तिचा आगाऊ, पण आतून एकटा साहेब मायकेल स्कॉट. या सीझनबद्दल माझं मत वर्षानुवर्षं ठरलेलं होतं: पसरट आणि घाईत उरकलेला. आता त्यातलं अर्धंच टिकलंय.

आधी उणं बोलतो. सुरुवातीचे चार भाग जाहिराती धरून एकेका तासाचे आहेत. बावीस मिनिटांत बसणारा विनोद दुप्पट ताणला की पातळ होणारच. जीपीएस सांगतो म्हणून मायकेल गाडी थेट तळ्यात घालतो, पिझ्झा आणणाऱ्या पोराला ऑफिसात कोंडून ठेवतो. आठवड्याला एक भाग पाहताना हे खपून जातं. डिस्कवर लागोपाठ पाहिलं की माणूस वेंधळा न वाटता नुसता मूर्ख वाटायला लागतो.

पण पुढे ‘द डिपॉझिशन’ येतो. मायकेलची डायरी वकिलांसमोर वाचली जाते आणि हसता हसता घशाशी काहीतरी अडकतं. त्यानंतर लगेच ‘डिनर पार्टी’. घरी जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांसमोर एका जोडप्याचं भांडण वाढत जातं, बस्स. माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सर्वोत्तम भाग.

रिमोटचं एक बटण दाबलं की या दोन भागांमधलं अंतर संपतं. प्रत्यक्षात पहिला दाखवला गेला 15 नोव्हेंबर 2007 ला, दुसरा 10 एप्रिल 2008 ला. मधे होता लेखकांचा संप, 100 दिवसांचा. ‘डिनर पार्टी’ची संहिता संपाआधीच तयार होती, पण शूटिंग झालं संप मिटल्यावर. या मालिकेतले काही लेखक पडद्यावरही दिसतात, मिंडी केलिंग, बी. जे. नोव्हाक वगैरे. ते थेट फलक घेऊन उभे राहिले. स्टीव्ह कॅरेल लेखक संघटनेची रांग ओलांडून सेटवर गेलाच नाही, आणि काम ठप्प झालं. तासाचा भाग दोन धरून 30 भागांचा बेत होता, झाले 19.

आणि भांडण कशावर होतं? इंटरनेटवर दाखवल्याच्या मोबदल्यावर आणि डीव्हीडीवर! एका डीव्हीडीमागे लेखकाला सुमारे 4 सेंट मिळतात, असा हिशोब तेव्हा मांडला जायचा. म्हणजे तेव्हाच्या दराने जेमतेम दीड-पावणेदोन रुपये. ते दुप्पट करा, ही मागणी. ती वाटाघाटीत सोडून द्यावी लागली. इंटरनेटचा हक्क मात्र मिळाला.

म्हणजे ज्या खोक्यावरून मी ‘सीझन घाईत उरकलाय’ असा शेरा मारत होतो, त्याच खोक्यातल्या वाट्यासाठी लिहिणारे लोक रस्त्यावर होते.

म्हणून संपामुळे सगळं माफ असं म्हणणार नाही. ते चार लांबलेले भाग संपाआधीचे आहेत; तो दोष त्यांचाच. पण शेवटच्या सहा भागांतली धावपळ मी आता दोष म्हणून मोजत नाही. ती संपाची किंमत आहे, आणि ती रास्त होती. दहापैकी सात गुण देतो. एकट्या ‘डिनर पार्टी’ला दहा.

आपल्याकडे 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने पटकथा आणि गीतं लिहिणाऱ्यांना रॉयल्टीचा हक्क कागदावर दिला. पण आपण मालिकेला ‘भरकटली’ म्हणून नावं ठेवतो, तेव्हा ती कोण लिहितंय हे तरी आपल्याला माहीत असतं का? तुम्ही रोज पाहता त्या मालिकेच्या लेखकाचं नाव, गुगल न करता, खाली लिहून दाखवा.